तालुक्याच्या संपादकाला पोसतं कोण?

जुनाट छापखाना

६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ची आठवण म्हणून तालुक्यातालुक्यात पत्रकार दिन साजरा होतो. नगरपालिकेचं सभागृह, शाल, श्रीफळ, डायरी, पेन. सत्कार करतात नगराध्यक्ष, आणि सत्कार घेणाऱ्यांनी वर्षभर नजर ठेवायची तीही त्याच नगराध्यक्षांवर. सत्काराबद्दल माझी तक्रार नाही. पण नगराध्यक्षांच्या वाढदिवसाला त्याच मंडळींच्या साप्ताहिकात शेवटचं अख्खं पान रंगीत जाहिरात असते. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आणि त्या शुभेच्छुकांत गावातले निम्मे ठेकेदार. त्या एका पानाच्या पैशांत छापखान्याची थकबाकी भागते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. छोट्या गावातला संपादक भ्रष्टाचाराशी लढणार की नाही, हे त्याच्या छातीवर ठरत नाही, त्याच्या खतावणीवर ठरतं. जमेच्या बाजूला कोणाची नावं आहेत ते दाखवा, पुढच्या वर्षी तो कोणती बातमी छापणार नाही ते मी सांगतो. आपण मात्र निर्भीड, लढवय्या, झुंजार असली विशेषणं वाटत बसतो आणि वर्गणीचा विषय निघाला की पुढच्या टपरीवर फुकटात अंक चाळतो.

उदाहरण लांबचं देतो, कारण जवळच्या उदाहरणात लगेच पक्ष निघतात. अमेरिकेच्या आयोवा राज्यात स्टॉर्म लेक नावाचं गाव आहे, वस्ती दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडची एखादी नगरपंचायत. तिथलं 'स्टॉर्म लेक टाइम्स' आठवड्यातून दोनदा निघायचं, खप तीन हजारांच्या आसपास. जॉन कलन मालक, त्यांचा धाकटा भाऊ आर्ट संपादक, आर्टचा मुलगा टॉम बातमीदार, आर्टची बायको डोलोरेस फोटो काढणार आणि लिहिणारही. सगळा घरचाच कारभार.

२०१५ साली डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांवर, खटला भरला. तक्रार अशी, की तुमच्या शेतातलं खताचं नायट्रेट चरांमधून रॅकून नदीत उतरतं आणि ते काढायचा खर्च आमच्या बोकांडी बसतो. तीनपैकी एक काउंटी, ब्यूना व्हिस्टा, म्हणजे कलनांचीच. काउंटीने बडे वकील लावले. बिलं कोण भरतंय, असं पेपरने विचारलं. उत्तर आलं, देणगीदार. देणगीदार कोण? ते सांगता येणार नाही.

आता बघा, इथे कोणी पाकीट घेतलेलं नाही, पूल पडलेला नाही. पण सरकारी खटल्याचं बिल निनावी खिशातून भरलं जातंय आणि निवडून दिलेले लोक नावं सांगत नाहीत, एवढं त्या बापलेकांना पुरलं. राज्यातल्या माहिती स्वातंत्र्य परिषदेला बरोबर घेऊन त्यांनी कागद मागितले. कागद मिळेनात म्हणून अग्रलेखावर अग्रलेख लिहिले. पैसा शेतीउद्योगाच्या संघटनेने जमवलेल्या निधीतून येतोय हे चव्हाट्यावर आलं आणि नावं उघड करायची वेळ आल्यावर ती सोयच गुंडाळली गेली. एप्रिल २०१७ मध्ये आर्ट कलन यांना अग्रलेखांसाठी पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं सर्वांत मानाचं पारितोषिक, मिळालं.

हे सगळं मक्याच्या पट्ट्यात, जिथे वाचक शेतकरी, जाहिरातदार शेतीवर जगणारे आणि शेजारीही शेतकरी. तरी पेपर टिकला, कारण त्याची कमाई विखुरलेली होती. किराणा दुकान, छोट्या जाहिराती, आणि पैसे मोजून अंक घेणारे वर्गणीदार. एक रुसला तर बाकीचे होते. आपल्याकडे एक रुसला की छपाई थांबते.

तेव्हा संपादकाला विचारू नका तू का लढत नाहीस. वाचकाला विचारा, तू वर्गणी का भरत नाहीस.

मीठभाकर

लेख छान. आता गावाकडचं ऐका.

आमच्या तालुक्यात साप्ताहिकं किती ते विचारू नका, दर निवडणुकीआधी एकदोन वाढतात. त्यांची पद्धत ठरलेली. पहिल्या अंकात मोठा मथळा, 'अमुक योजनेत लाखोंचा अपहार?' प्रश्नचिन्ह महत्त्वाचं, कोर्टात तेवढंच उपयोगी पडतं. बातमीत ठेकेदाराचं नाव नाही, पण गाव कळेल इतपत खुणा. शेवटी 'सविस्तर पुढील अंकात'. पुढील अंक येतो, त्यात सविस्तर काही नसतं. त्याच ठेकेदाराच्या दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा असतात, अर्धं पान.

याला तुम्ही खतावणीचा प्रश्न म्हणता. आम्ही याला वसुली म्हणतो. आणि यांची वर्गणी मी भरायची? म्हणजे वसुलीच्या धंद्याला भांडवल मी पुरवायचं?

कऱ्हाकाठ

मीठभाकर, मथळ्यातलं प्रश्नचिन्ह अचूक पकडलंत. पण हे फक्त साप्ताहिकवाल्यांवर ढकलू नका.

मी एका मोठ्या दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. नाव सांगत नाही. वार्ताहराचं मानधन असं असतं की महिन्याचं पेट्रोलही त्यात बसत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या टक्क्यांवर. वर्धापनदिनाची पुरवणी निघते तेव्हा जिल्हा कार्यालयातून टार्गेट येतं. मग बातमीदाराने कोणाकडे जायचं? कारखान्याचे अध्यक्ष, पतसंस्थेचे अध्यक्ष, सभापती, बांधकामवाले. चहा पिऊन जाहिरातीचा फॉर्म भरून घ्यायचा आणि चार दिवसांनी त्याच पतसंस्थेच्या कर्जवाटपाची बातमी करायची, असं होईल का? बऱ्याच ठिकाणी अंकाची एजन्सीही त्याच माणसाकडे, म्हणजे अनामत रक्कम त्याची, न खपलेल्या अंकांचा तोटाही त्याचा. पुण्यामुंबईतल्या संपादकांची भ्रष्टाचारावरची तडफदार भाषणं मी ऐकली आहेत. त्यांच्या पेपरचा तालुक्यातला माणूस मात्र सभापतींच्या ओसरीवर फॉर्म घेऊन बसलेला असतो.

छापखाना म्हणतात ते खरं, पण अर्धंच. साप्ताहिकवाला निदान स्वतःच्या नावाने विकला जातो.

राजापूरची गंगा

छातीवर ठरत नाही, हे वाक्य मला पटलं नाही, आणि आमच्याकडे ते कोणाला पटणारही नाही.

शशिकांत वारिशे आमच्याच राजापूरचे. 'महानगरी टाइम्स'साठी लिहायचे. बारसू-सोलगावच्या रिफायनरीबद्दल आणि तिथल्या जमिनींच्या व्यवहारांबद्दल सतत लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली, रिफायनरीच्या बाजूने उभ्या असलेल्या एका माणसाचे फलकावर बड्या नेत्यांसोबत फोटो, आणि त्याच्यावरच्या गुन्ह्यांचा उल्लेख. त्याच दिवशी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला रुग्णालयात ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच अटक झाली, खुनाचा गुन्हा नोंदला गेला, विशेष पथक नेमलं गेलं.

त्यांच्या खतावणीत काय होतं हो? काहीही नव्हतं. तरी लिहिलं. तुमचा सिद्धांत त्यांना लागू करून दाखवा.

जुनाट छापखाना

गंगाताई, वारिशेंची हिंमत मी नाकारत नाही. पण उलटं विचारतो. असा माणूस एकटा का पडला? ज्या पेपरसाठी लिहितो तो पेपर मागे उभा राहील, वकील देईल, दोन माणसं बरोबर पाठवेल इतकी ताकद त्या पेपरात असती, तर 'याला उडवला की विषय संपला' असं कोणाला वाटलं असतं का? पैसा नसला की बातमी आणि माणूस यांत फरक राहत नाही, बातमी थांबवायची म्हणजे माणूस थांबवायचा. खतावणी म्हणतो ती याचसाठी.

राजापूरची गंगा

म्हणजे श्रीमंत पेपरवाल्यांना मारत नाहीत, असं म्हणायचंय का? त्यांना मारायची वेळच येत नाही, कारण ते बारसूत येतच नाहीत. आले तरी मोर्चाच्या दिवशी येतात, आणि मोर्चा संपायच्या आत त्यांची गाडी मुंबई-गोवा हायवेला लागलेली असते.

थेट चावडी

तुम्ही सगळे अजून कागदाच्या काळात आहात. छपाई नको, न्यूजप्रिंट नको, एजन्सी नको. मोबाइल, माइक, ट्रायपॉड आणि पोर्टल. मी गावातल्या जलवाहिनीच्या खड्ड्यात उतरून लाइव्ह केलं, पाइप किती खोल पुरलाय ते टेप लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी जेसीबी परत आला. कुठल्या साप्ताहिकाने हे केलं असतं? पैसाच लागत नाही तर खतावणी कसली?

कऱ्हाकाठ

टेप लावून दाखवलंत ते उत्तम. मनापासून.

पण पोर्टल असलं म्हणजे सुटलो, असं नाही. आमच्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूरचे मुकेश चंद्राकर. 'बस्तर जंक्शन' हे त्यांचं स्वतःचं यूट्यूब चॅनल, शिवाय राष्ट्रीय वाहिनीला बातम्या देत. २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातला जवान सोडवून आणताना जे पत्रकार जंगलात गेले त्यांत ते होते. त्यांच्या भागातल्या एका रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराची बातमी बाहेर आली, चौकशी लागली, आणि ३ जानेवारी २०२५ ला त्यांचा मृतदेह ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. वरून ताजं काँक्रीट ओतलेलं. त्या प्रकरणात पकडलेला ठेकेदार नात्यातलाच. गावात बातमी करायची तर समोर कोण असतं ते यावरून कळेल. परका कोणीच नसतो.

मोजमाप

मी बांधकाम खात्यात होतो, आता निवृत्त. इथे सगळे पत्रकारांच्या बाजूचे दिसतात, तेव्हा खात्याच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं.

माझ्याविरुद्ध एका साप्ताहिकाने तीन-चार अंक बातम्या चालवल्या. रस्त्याचा फोटो, खड्डा, शेजारी उभा राहून बोट दाखवणारा कार्यकर्ता, आणि मथळा 'निकृष्ट काम, अभियंत्याचे संगनमत'. ते काम माझ्या शाखेचं नव्हतंच. खुलासा पाठवला, छापला नाही. आईला शेजारणीने अंक आणून दाखवला, तेव्हा मी घरी नव्हतो. असो.

माझा मुद्दा वेगळा आहे. खड्डा पडला म्हणजे भ्रष्टाचार झाला, असं नाही. पाणी साचलं, बाजूची गटार नाही, ओव्हरलोड डंपर गेले, तरी डांबर उखडतं. आणि रस्ता गुळगुळीत असला म्हणजे भ्रष्टाचार नाही, असंही नाही. खरी चोरी रस्त्यावर दिसत नाही, ती मोजमाप पुस्तिकेत असते. एमबी. त्यात थरांची जाडी, लांबी, रुंदी, तारीख, सही. अंदाजपत्रकात मुरूम किती ब्रास धरलाय, एमबीत किती नोंदवलाय, आणि जागेवर तेवढा बसू शकतो का, एवढा गुणाकार कोणत्याही दहावी पास माणसाला येतो. अजून एक. प्रत्येक कामाला दोष दायित्व कालावधी असतो, आम्ही डीएलपी म्हणतो. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, त्यासाठी त्याची सुरक्षा ठेव अडकवलेली असते. मला एकाही पत्रकाराने कधी विचारलं नाही, की साहेब, डीएलपी चालू असताना दुरुस्तीचं वेगळं टेंडर का निघालं? ठेव मुदतीआधी परत का गेली? या दोन प्रश्नांना आमच्या ऑफिसात घाम फुटला असता. खड्ड्याच्या फोटोला कोणालाही फुटत नाही.

मोठं काम छोट्या तुकड्यांत पाडून ई-निविदेच्या मर्यादेखाली आणणं, ही तर आमच्याकडची जुनी विद्या. एकाच रस्त्याचे पाच तुकडे, पाच कार्यारंभ आदेश, एकच ठेकेदार. हे सगळं कागदावर असतं, कोणी लपवतही नाही. कारण वाचणारं कोणी नाही, याची खात्री असते.

मीठभाकर

अभियंतासाहेब, घाम फुटला असता म्हणता, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग तुम्हीच का नाही बोललात?

मोजमाप

पगार खात्याचा होता, पेन्शनही खात्याचीच आहे. छापखान्यांचा सिद्धांत मला लागू पडतो, म्हणा हवं तर.

काळा कोट

तालुका कोर्टात वकिली करते. कायद्याचं थोडं सांगते, मग एक गोष्ट जी इथे कोणीच बोललं नाही.

अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ च्या आधी दंडसंहितेची ४९९-५०० होती. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. बातमी खरी असणं एवढंच पुरत नाही, ती लोकहितासाठी छापली हेही दाखवावं लागतं. प्रश्नचिन्हाने बचाव होतो ही साप्ताहिकवाल्यांची समजूत चुकीची आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड. खोटी तक्रार केली तर तीच शिक्षा तक्रारदारालाही आहे, हे कलम पोलीस ठाण्यात आधी वाचून दाखवतात.

पुरावा न पाहता छापण्याची मोठी शिक्षा आपल्या थोरांनीही भोगली आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तिथल्या छत्रपतींचा छळ करतात, असं 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिलं, हाती आलेल्या पत्रांच्या आधारे. बर्व्यांनी खटला भरला. पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. हेतू चांगला होता, छत्रपतींचे हाल होत होते हेही खोटं नव्हतं. पण कागद खोटा होता आणि कोर्टाने कागद पाहिला.

आता ती न बोललेली गोष्ट. छापखाना म्हणतात, जाहिरातदार संपादकाचं तोंड बंद करतो. त्याहून वाईट प्रकार आहे. कोणीच वाचत नाही असा पेपर हवा असणारे लोक आहेत.

'तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेली मिळकत आमचे अशील खरेदी करीत असून कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास...' ही नोटीस तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. बहिणीचा हिस्सा डावलून भाऊ जमीन विकतोय आणि तिला कळू द्यायचं नाहीये, तर नोटीस कुठे द्याल? तीन जिल्ह्यांत खपणाऱ्या दैनिकात? नाही. ज्याचे दोनशे अंक छापून त्यातले दीडशे संपादकाच्याच माडीवर पडून असतात, त्या साप्ताहिकात. नोटीस दिल्याचा कागद हातात येतो आणि बहिणीला पत्ता लागत नाही. निविदांचंही तेच चालतं. बाहेरचा ठेकेदार यायला नको असेल तर जाहिरात अशा अंकात जाते, जो फक्त फाइलला लावण्यासाठी छापला जातो. कागदोपत्री प्रसिद्धी झालेली असते.

म्हणजे भ्रष्टाचाराशी लढणारा पेपर ही एक बाजू झाली. भ्रष्टाचाराला लागणारं साहित्य म्हणून निघणारा पेपर ही दुसरी. आणि दुसऱ्याचा धंदा जास्त स्थिर आहे.

जुनाट छापखाना

वकीलबाई, हे मी लिहायला हवं होतं, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत. माझ्याच मुद्द्याला बळकटी आली. न वाचलेल्या अंकाला बाजारात भाव आहे आणि वाचलेल्या अंकाला नाही.

फक्त कोल्हापूर प्रकरणाचं शेपूट जोडतो. खटला चालू असताना आगरकर-टिळकांना जामीन कोणी दिला? जोतीराव फुल्यांनी शब्द टाकला आणि रामशेठ उरवणे उभे राहिले. मतभेद असलेल्या माणसांनी पैशाची बाजू सांभाळली, म्हणून ते पेपर चालू राहिले. मी म्हणतो ते हेच.

डी मॉइनकर

नेहमी फक्त वाचतो, पण आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितोय. बरीच वर्षं डी मॉइनमध्ये राहतो. कलनांची गोष्ट इथे घरोघरी माहीत आहे, पण तुम्ही ती पुलित्झरपाशी थांबवलीत. पुढची ऐका.

तो खटला फेडरल कोर्टाने मार्च २०१७ मध्ये फेटाळला, पुलित्झरच्या एक महिना आधी. चरांवर नियंत्रण आणायचं ते विधिमंडळाने आणावं, असं कोर्टाचं म्हणणं. विधिमंडळाने काय आणलं ते आम्ही पितोय. पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. नायट्रेट काढायच्या जगातल्या मोठ्या संयंत्रांपैकी एक आमच्याकडे आहे. तरी जून २०२५ मध्ये नदीतलं नायट्रेट इतकं चढलं की अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. मागणी कमी झाली तरच संयंत्राला झेपेल, म्हणून. शेजारचे गोरे आजोबा पिवळ्या पडलेल्या लॉनकडे बघून जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणजे संपादक जिंकला, वकिलांचे देणगीदार उघडे पडले, पारितोषिक मिळालं, आणि नदी आहे तशीच आहे. त्या पेपरलाही पुढे तगून राहायला लोकांच्या देणग्यांचा आधार घ्यावा लागला, पश्चिम आयोवातल्या छोट्या पत्रांसाठी ना-नफा संस्था निघाली आहे. वर्गणीवर पेपर चालतो, हा तुमचा मूळ दाखलाच लंगडा आहे. किराणा दुकानांच्या जागी मोठ्या साखळ्या आल्या, त्यांना स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची गरज वाटत नाही.

मीठभाकर

घ्या. ज्याला पुलित्झर मिळालं त्यालाही वर्गणी पुरली नाही.

जुनाट छापखाना

पुरली नाही, पण देणगी कोणाची आली? लोकांची. नावं लपवणाऱ्या संघटनेची नाही. फरक आहे.

आणि नदी साफ झाली नाही हा संपादकाचा पराभव कसा? गटार उपसायचं काम त्याचं नाही. बिल कोण भरतंय एवढं त्याने विचारायचं.

डी मॉइनकर

हे इथे बसून पाणी पिणाऱ्याला पटत नाही. बिल कोण भरतंय ते कळलं, आणि तरी सगळे परत त्यांनाच निवडून देतात. नुसतं उघड करून पुरतं, हा भाबडेपणा आहे. उघड तर सगळंच आहे. तुमचे अभियंतासाहेब काय म्हणाले, कागद कोणी लपवतही नाही.

दौत उलटी

माझे वडील साप्ताहिक काढायचे. गावाचं नाव नको.

तुम्ही सगळे संपादकाबद्दल बोलताय, त्याच्या घराबद्दल कोणी बोललं नाही. नळयोजनेची बातमी छापली त्या महिन्यात आमच्या गल्लीत टँकर आला नाही. गल्ली आमच्यावर चिडली, पालिकेवर नाही. आई दुसऱ्या वॉर्डातून कळशी आणायची आणि वाटेत बायका विचारायच्या, काय गरज होती हो? वर्गणीदारांची वही मी स्वतः लिहायचे. तिच्यात पैसे भरलेल्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती. पान उलटलं तरी हिरवं सापडायचं नाही. डॉक्टर, हेडमास्तर, दुकानदार, सगळे 'साहेब, तुमचं लिखाण म्हणजे आग' म्हणायचे आणि अंक फुकट घ्यायचे. पोस्टाच्या तिकिटाचे पैसे आई शिवणातून द्यायची.

तेव्हा छापखानेसाहेब, वाचक पैसे देईल ही आशा सोडा. वडिलांना शेवटपर्यंत जगवलं ते जिल्हा माहिती कार्यालयाच्या यादीवर नाव असल्यामुळे मिळणाऱ्या सरकारी जाहिरातींनी. होय, सरकारी. मुंबईहून येणाऱ्या जाहिरातीला गावच्या नगराध्यक्षाचं काही वाटत नव्हतं, म्हणून गावच्या नगराध्यक्षाविरुद्ध लिहिता येत होतं. लांबचा मालक जवळच्या मालकापेक्षा बरा.

मीठभाकर, तुम्ही म्हणता ते वसुलीवाले आमच्याही गावात होते. त्यांची घरं दुमजली झाली. लोकांनी मान दोघांना सारखाच दिला. हे मला अजून झोंबतं.

राजापूरची गंगा

ताई, टँकरचं वाचून कसंतरी झालं.

काळा कोट

दौत उलटी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण लांबचा मालक कायम लांब राहत नाही. नगराध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा असला की यादीवरून नाव कमी करायला एक फोन पुरतो. खपाच्या दाखल्याची तपासणी लागते, आणि खपाचे आकडे कोणाचेच खरे नसतात, त्यामुळे ज्याला काढायचं त्याला काढता येतं. सगळ्यांना थोडं थोडं खोटं बोलायला लावायचं आणि मग हवं त्याला पकडायचं.

दौत उलटी

आमचं नाव तसंच गेलं.

कऱ्हाकाठ

अभियंतासाहेबांनी सांगितलेले दोन प्रश्न मी उतरवून घेतले आहेत. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयाचा आणि १५० शब्दांचा असावा लागतो, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. 'रस्त्याच्या भ्रष्टाचाराची संपूर्ण माहिती द्या' असं लिहिलंत तर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' म्हणून परत येतो. कामाचं नाव, वर्ष, आणि 'मोजमाप पुस्तिकेची साक्षांकित प्रत व सुरक्षा ठेव परताव्याची नोंद' एवढंच मागा. प्रत देण्याऐवजी 'कार्यालयात येऊन पाहा' असं उत्तर आलं तर एकटे जाऊ नका.

मोजमाप

साक्षांकित प्रतीबरोबर अंदाजपत्रकाचीही मागा, पण वेगळ्या अर्जाने. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काही दिसणार नाही. आणि मागण्याआधी काम कोणत्या शाखेचं आहे ते बघा, ही विनंती.

थेट चावडी

मी करतो हे. आमच्या बाजारपेठेच्या रस्त्यापासून सुरुवात. छापखानेसाहेब, वाचकाने पैसे द्यावेत म्हणता ना? पोर्टलचा क्यूआर कोड टाकतो इथे, सुरुवात तुमच्यापासून.

मीठभाकर

आधी तुमच्या पोर्टलचा जमाखर्च टाका. गेल्या महिन्यात वरच्या पट्टीत आमदारांचा वाढदिवस फिरत होता, तो फुकट होता का?